विहीर क्रमांक सातची टिप्पणी

पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी चहाच्या वेळेला, सोपान आवारीचा फोन वाजायचा आणि एक शांत आवाज विचारायचा, "नमस्कार, सोपानराव. पाणीपत्रकाच्या बेचाळिसाव्या पानावर शैलजाताईंची एक टिप्पणी आहे. विहीर क्रमांक सात. तिचं काम झालं असेल तर काढून टाकू का?"

"अजून नाही," सोपान म्हणायचा.

"बरं. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारतो."

एवढंच बोलणं. मग सोपान राहिलेला चहा प्यायचा. कधी तो गार झालेला असायचा.

शैलजाला, त्याच्या बायकोला, जाऊन दहा महिने होत आले होते. रेशनकार्डावरून तिचं नाव गेलं, मतदारयादीतून गेलं, कचेरीत तिच्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसायला लागली. एक पाणीपत्रक तेवढं असं होतं, की जिथे तिचं नाव अजून कामावर होतं. तिने एक गोष्ट अडवून धरली होती आणि तीनशे यंत्रं तिच्यासाठी थांबली होती. सोपानला हे कुणाला समजावून सांगता आलं नसतं. त्याने कुणाला सांगितलंही नाही.

पाणीपत्रक म्हणजे तालुक्याच्या पाण्याचा एकच मोठा ऑनलाइन दस्तऐवज. कुठल्या विहिरीला किती पाणी, कुठे बोअर घ्यायला परवानगी, टँकर कोणत्या वाडीला, सगळं त्यात. तो लिहायला माणसं होती पाच आणि एजंट तीनशेच्या वर. एजंट म्हणजे आपापलं काम आपणच करणारे संगणकातले मदतनीस. एक पावसाचे आकडे भरायचा, एक नकाशे तपासायचा, एक परवानग्या द्यायचा. एकमेकांशी ते बोलायचे ते दस्तऐवजाच्या समासात टिप्पण्या टाकून. 'हा आकडा तपासा.' 'तपासला.' 'पुन्हा तपासा.' माणूस अशी टिप्पणी वाचतो आणि विसरून जातो. एजंट विसरत नाही. मजकूर कुठला आणि समासातलं बोलणं कुठलं, हा फरक त्याला पुरता कळत नाही. समोर लिहिलेलं जे काही दिसेल, ते त्याच्या लेखी सांगणंच.

तीन वर्षांपूर्वी एका समासात 'या वाडीचा टँकर तूर्त थांबवा' असं राहून गेलं होतं. ज्याने लिहिलं त्याची बदली झाली, पावसाळा होऊन गेला, दुसरा उन्हाळा आला. नव्याने आलेल्या एका एजंटाने ते वाचलं आणि टँकर थांबवला. एकोणीस दिवस ती वाडी कोरडी होती. कारण शोधायला गेलेल्या माणसाला त्या एका दस्तऐवजात चाळीस हजार टिप्पण्या सापडल्या.

तेव्हापासून एजंटांना टिप्पण्या काढून टाकायचं हत्यार मिळालं. आधी त्यांना समासात लिहिता यायचं, खोडता यायचं नाही. या हत्याराला मोठं इंग्रजी नाव होतं, पण कचेरीत सगळे त्याला खुरपं म्हणायचे. तण काढतं ते खुरपं. त्याचे नियम साधे होते. एजंटाची टिप्पणी एजंटाने काढावी. माणसाची असेल तर त्या माणसाला विचारावं. माणूस हयात नसेल तर ज्याच्या मोजमापावर ती टिप्पणी उभी आहे, त्याला विचारावं. आणि एकदा काढली की ती कायमची गेली, काढणाऱ्या एजंटाच्या स्मरणातूनही. कचरापेटी ठेवलेली नव्हती, कारण कचरापेटी ठेवली की कुठला तरी एजंट तीही वाचणार.

शैलजाची टिप्पणी सोपानने घेतलेल्या मापावर उभी होती. म्हणून प्रश्न त्याला यायचा.

बावीस वर्षं दोघांनी मिळून विहिरी मोजल्या होत्या. ती तंत्रसहायक, तो मोजणी मदतनीस. विहिरींत यंत्रं बसवली होती, पण माकडं तारा ओढायची आणि यंत्राच्या तोंडात गाळ बसायचा. म्हणून वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, हाताने मोजायचं असा नियम राहिला होता. पोलादी टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायची, काठावर रंगवलेल्या लाल बाणाशी एक पुरा आकडा धरायचा आणि टेप वर ओढायची. खडू जिथवर ओला, तिथवर पाणी. वजाबाकी केली की खोली मिळते. सोपान आकडा ओरडायचा, शैलजा लिहायची. लिहून झालं की ती नेहमी एकच विचारायची, "अहो, खुणेपासूनच ना?" आणि तो म्हणायचा, "मग काय अंदाजाने?"

गेल्या मे महिन्यात मात्र ती दवाखान्यात होती आणि तो एकटाच मोजायला गेला होता. आकडे त्याने फोनवरून सांगितले. तिने खाटेवर पडल्या पडल्या, एका हाताला सलाईन, दुसऱ्या हाताने फोनवर ही टिप्पणी लिहिली:

'विहीर ७, निंबोणी. मेचं माप ११.४० मीटर, मागच्या मेपेक्षा ०.७० खाली. कातळदऱ्याच्या चाचणी बोअरवर एप्रिलमध्ये तीन दिवस पंप चालला, त्यानंतरची ही घट. दोन्हींची फट एकच असावी. बोअर सुरू केली तर निंबोणीची विहीर आटेल. परवानगी देऊ नये. कातळदऱ्यासाठी दुसरी जागा बघावी, तिथले हाल मी पाहिलेत. पुढच्या मोजणीला मी स्वतः जाऊन पाहीन.'

त्या डोंगरात सगळा काळा पाषाण. पाषाणात पाणी राहतं ते फटींत. वरच्या वाडीची बोअर आणि खालच्या गावची विहीर एकाच फटीवर असतील, तर वर उपसलं की खाली उतरणार. शैलजाचं म्हणणं तेवढंच होतं. ते लिहिल्यावर विसाव्या दिवशी ती गेली.

सोपानने टिप्पणी वहीत उतरवून घेतली होती. मुलीने, मुक्ताने, त्या टिप्पणीचा फोटो ठेवला होता. पण वहीतल्या अक्षरांसाठी कुणी थांबत नव्हतं.

*

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एक बाई त्याच्या दारात येऊन उभी राहिली. साठीची, काटक, हातात कापडी पिशवी.

"आवारी भाऊंचं घर हेच का?"

"मीच आवारी. या."

"मी इंदूबाई गभाले. कातळदऱ्याच्या पाणी समितीची." त्या उंबऱ्यावरच टेकल्या. "कचेरीतल्या मॅडम म्हणाल्या, तुमच्या एका हो म्हणण्यावर आमची बोअर अडलीय. म्हटलं, हो म्हणायला जड जातंय तो माणूस दिसतो कसा, ते तर बघून यावं."

सोपानने पाण्याचा तांब्या आणून दिला. इंदूबाईंनी तो पुरा रिकामा केला आणि तळाचे दोन थेंब तुळशीत ओतले.

"बोअरीला वर्षापासून टोपण घातलंय," त्या म्हणाल्या. "पाणी खाली, आम्ही वर, आन् मधी तुमच्या बाईंची चिठ्ठी."

"चिठ्ठी नाही. टिप्पणी."

"तेच ते. आमच्या हंड्यात दोन्हीतून थेंब पडत नाही. तीन दिवसांआड टँकर. माझी सून सात महिन्यांची पोटुशी, ती टँकरमागं पळतीय."

सोपानने रिकामा तांब्या उचलून घेतला. मग म्हणाला, "बोअर सुरू केली आणि निंबोणीची विहीर आटली, तर? त्यांनी काय करायचं?"

"कोण म्हणतं आटंल?"

"आकडा म्हणतो. सव्वादोन फुटांची घट आहे. दोनदा आली. मेमध्ये मी मोजलं, ऑक्टोबरात कंत्राटावरच्या दुसऱ्या माणसाने मोजलं."

इंदूबाई हसल्या. त्या हसण्यात राग होता. "भाऊ, माझी नणंद निंबोणीला दिलीय. गेल्या मेमध्ये तिच्याकडं लग्नाला गेले होते, त्याच विहिरीचं पाणी शेंदलं. आत भिंतीतून उंबराचं मूळ आलंय, बघितलंय का कधी? मेमध्ये पाणी त्या मुळाखाली हातभर असतं. माझ्या नणंदेच्या सासूच्या टायमापासून असतंय. गेल्या मेमध्ये पण हातभरच होतं, मी डोळ्यांनी बघितलं."

"डोळ्यांनी सेंटिमीटर कळत नाहीत, बाई."

"सव्वादोन फूट कळतात की! सव्वादोन फुटांत माझी शेळी उभी राहती." त्या उठल्या आणि पिशवी काखेला मारली. "पाणी जागच्या जागी आन् तुमचा आकडा खाली. मग विहीरच वर सरकली म्हणायची! लिहा तसं तुमच्या समासात."

त्या गेल्या. सोपान दारातच उभा राहिला. त्यांनी टोमणा मारला होता, पण तो त्याच्या मनात कुठे तरी नको त्या ठिकाणी जाऊन बसला.

*

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने तो निंबोणीला गेला. विहिरीवर एक बाई धुणं धूत होती. विहिरीला सिमेंटच्या ठोकळ्यांचा कठडा होता, वर गुळगुळीत गिलावा. कंबरेएवढा. सोपानने त्यावर हात ठेवला. गेल्या मेमध्ये, भर दुपारी, याच कठड्यावर कोपर टेकून त्याने टेप खाली सोडली होती. टेकायला बरं वाटलं होतं, एवढं आठवत होतं.

"ताई, हा कठडा कधीचा?"

"बिबट्या पडला होता की आत! दोन वर्षं नाही का होतील आता... नाही, एकच. गेल्या वर्षी शिमग्याच्या टायमाला. बाजेला दोर बांधून वनखात्यानं काढला. लोकं मावंना बघायला. मग पंचायतीनं लगेच वर थर चढवले, उद्या पोरगं नको पडायला म्हणून."

"आणि जुना काठ?"

"हाये की खाली. त्याच्यावरच बांधलंय."

सोपान खाली बसला. ठोकळ्यांच्या खाली, गिलाव्याचे ओघळ जिथे थांबले होते तिथे, जुना दगडी काठ दिसत होता. त्याने किल्लीने गिलावा खरवडला. लाल बाण निघाला. हा बाण शैलजाने काढलेला होता. टोक थोडं डावीकडे गेलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती की असू दे, पाण्याला काय कळतंय.

त्याने बाणापासून कठड्याच्या माथ्यापर्यंत टेप लावली. सत्तर सेंटिमीटर. एक कमी नाही, एक जास्त नाही.

मग त्याने कठड्यावरून वाकून आत पाहिलं. उंबराचं मूळ होतं, त्याच्या करंगळीएवढी केसाळ टोकं पाण्यात बुडाली होती.

त्या दिवशीचा फोन त्याला आठवला. शैलजाचा आवाज बारीक झाला होता. "अहो, खुणेपासूनच ना?" आणि तो एका हातात टेप गुंडाळत, रस्त्याकडे बघत, एसटी चुकेल या घाईत म्हणाला होता, "हो गं, खुणेपासूनच." खूण त्याने शोधलीच नव्हती. खूण दिसत नाही हेसुद्धा त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. बावीस वर्षं तिला होकारच मिळाला होता. तिने ते खरं धरलं आणि त्यावर हिशोब केला. ऑक्टोबरात आलेल्या पोरालाही खूण दिसली नसणार, त्यानेही कठड्यावरूनच मोजलं.

त्याने परत आल्यावर मुक्ताला फोन केला. ती नाशकात होती, शाळेत शिकवायची. दर पंधरा दिवसांनी ती आठवणीने विचारायची, "बाबा, ठेवलीय ना अजून?" आज त्याने आधी सगळं सांगून टाकलं.



"तुम्ही आईला खोटं सांगितलंत," मुक्ता म्हणाली.

"खोटं नाही गं. न बघता हो म्हणालो."

"तिला काय फरक पडला त्याने? ती तुमच्या शब्दावर लिहून गेली."

"हो."

"आणि आता ते चुकीचं म्हणून पुसणार. तिचं शेवटचं लिहिलेलं. तुमच्या चुकीपायी." तिचा आवाज फाटला. "बाबा, हे कुणाला माहीत आहे अजून?"

"तुला."

"मग नका ना सांगू."

  तिने फोन ठेवला.

त्यानंतरचे सहा दिवस त्याने काहीच केलं नाही. कामावर गेला, आला. एकदा त्याच्या घरावरून टँकर गेला, मागून पाणी सांडत होतं. त्याने दार लावून घेतलं.

*

सातव्या दिवशी आवाज आला. "नमस्कार, सोपानराव. पाणीपत्रकाच्या बेचाळिसाव्या पानावर..."

"माप चुकलंय," सोपान म्हणाला.

"कोणतं माप?"

"माझं. मेचं. आणि ऑक्टोबरचंही." त्याने कठड्याचं सांगितलं. बिबट्याचं सांगितलं. सत्तर सेंटिमीटर सांगितले. फोनवरच्या 'हो'चंही सांगितलं, जरी ते कुणी विचारलं नव्हतं.

"नोंद घेतली," एजंट म्हणाला. "दोन्ही आकडे दुरुस्त करतो. आता घट शून्य येते. टिप्पणीचा आधार गेला. काढून टाकू का?"

"थांब."

"थांबतो."

सोपानने कप खाली ठेवला. "आकडा चुकला म्हणून तिचं म्हणणं चुकलं असं होत नाही. फट एकच आहे का, हे अजून कुणी बघितलेलंच नाही. खरी असेल तिची भीती."

एजंट म्हणाला, "हे बरोबर आहे. ते ठरवायला जोडचाचणी लागेल. वरची बोअर उपसायची आणि त्याच वेळी विहीर सात मोजत राहायची. माझ्या हिशोबाने, फट एक असेल तर आठ तासांत किमान तीन सेंटिमीटर घट दिसायला हवी. दिसली तर टिप्पणी राहील आणि दस्तऐवजाच्या मुख्य मजकुरात ताईंच्या नावासह जाईल. नाही दिसली तर काढावी लागेल. कचेरीतल्या मोकाशी मॅडमना कळवू?"

"कळव."

फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण हे निंबोणीच्या लोकांसाठी म्हणालो की शैलजाचं नाव मजकुरात जावं म्हणून, ते आपल्यालाच नक्की माहीत नाही.

*

ऋजुता मोकाशी ही तालुक्याची भूवैज्ञानिक, वयाने मुक्तापेक्षाही लहान. तिने चार दिवसांत चाचणी लावली. ती स्वतः वर कातळदऱ्याला बोअरपाशी बसणार होती. निंबोणीकरांनी त्या दिवशी विहिरीवर मोटर लावायची नाही, शेंदायचं नाही, असं पंचायतीत ठरवून दिलं. सकाळी सात वाजता वरचा पंप सुरू झाला. सोपानने कठड्याच्या माथ्याशी टेप धरली, जुन्या बाणापर्यंतचे सत्तर सेंटिमीटर वजा केले आणि पहिलं माप सांगितलं.

"नऊ पंच्याऐंशी."

"नऊ पंच्याऐंशी," फोनमधला एजंट म्हणाला.

आठ वाजता इंदूबाई उतारावरून चालत आल्या.

"तुम्ही वर नाही थांबलात?" सोपानने विचारलं. "तिथे पाणी निघतंय."

"वरती मॅडम हायेत. इथं तुमच्यावर कोण नजर ठेवणार?" त्या उंबराच्या सावलीत बसल्या. पिशवीतून भाकरी काढली, अर्धी मोडून त्याच्यापुढे केली. "खा. उपाशी माणूस आकडे चुकवतो."

माझा आकडा चुकल्याचं तुम्हाला कोणी सांगितलं, असं सोपानने विचारलं नाही. भाकरी घेतली. मग त्यानेच त्यांना सगळं सांगितलं. त्या खात खात ऐकत होत्या.

"म्हणजे विहीर खरंच वर सरकली होती," त्या शेवटी म्हणाल्या, आणि या वेळी त्यात टोमणा नव्हता.

नऊ वाजता नऊ पंच्याऐंशी. दहा वाजता नऊ पंच्याऐंशी. अकरा वाजता त्याने टेप वर ओढली, ओली रेघ बघून वजाबाकी केली आणि नऊ शहाऐंशी आलं.

 शैलजा बरोबर होती. एक सेंटिमीटर उतरलं, आता दोन उतरेल, तीन उतरेल. तिचं नाव मजकुरात जाईल, कायमचं. त्याने डोळे मिटले आणि मनातल्या मनात पाण्याला म्हणाला, उतर. उतर रे.

डोळे उघडले तेव्हा समोर इंदूबाई होत्या, पदराने वारा घेत, उताराकडे बघत. पाणी उतरलं तर यांच्या बोअरीचं टोपण कधीच निघणार नाही. त्यांच्या पोटुशी सुनेच्या वाट्याचं पाणी जावं म्हणून आपण हात जोडत होतो, हे सोपानला कळलं, आणि त्याला त्या कठड्यापाशी उभं राहणंही नको झालं.

"आकडा?" एजंटाने विचारलं.

"थांब. पुन्हा घेतो."

टेपला एक बारीक मुरड पडली होती. त्याने ती सरळ केली, टोक पुसलं, नवा खडू फासला, टेप सोडली. नऊ पंच्याऐंशी.

"नऊ पंच्याऐंशी," तो म्हणाला.

बारा वाजता तेच. एक वाजता तेच. दोन वाजता त्याने पुन्हा टेप वर ओढली. तीन सेंटिमीटर म्हणजे दोन बोटं. फोनमधलं यंत्र टेप बघू शकत नव्हतं, ते फक्त ऐकत होतं. इंदूबाईंना आकडे वाचता येत होते, पण त्यांनी सकाळपासून एकदाही टेपकडे पाहिलं नव्हतं. नजर ठेवायला आलेली बाई खोडाला टेकून पेंगत होती. अठ्ठ्याऐंशी एवढंच म्हणायचं होतं.

मुक्ताचा निरोप फोनवर चमकला. चाचणीचं त्याने तिला आदल्या रात्री लिहून कळवलं होतं. बारा दिवसांत पहिल्यांदा. 'बाबा, किती आलं?'

"नऊ पंच्याऐंशी," सोपान मोठ्याने म्हणाला. एजंटाने नोंद घेतली. मग त्याने तोच आकडा मुलीला लिहिला. तिकडून उत्तर आलं नाही, पण तिने वाचलं एवढं दिसलं.

तीन वाजता शेवटचं माप. नऊ पंच्याऐंशी.

"आठ तास झाले," एजंट म्हणाला. "घट नाही. फट एक नाही. मोकाशी मॅडमनी निकाल मान्य केला आहे. सोपानराव, शैलजाताईंच्या टिप्पणीचं काम झालं आहे. काढून टाकू का?"

"एकदा वाचून दाखव."

एजंटाने वाचली. त्याच शांत आवाजात, कुठेही न थांबता, बातमी वाचावी तशी. 'तिथले हाल मी पाहिलेत' हेही त्याने तसंच वाचलं. सोपानला वाटलं होतं, ऐकताना तिचा आवाज आठवेल. नाही आठवला. तिचा आवाज तिच्याच तोंडी शोभायचा.

"काढ," तो म्हणाला.

"काढली."

"बेचाळिसाव्या पानावर आता काय आहे?"

"विहीर क्रमांक सातची मापं आहेत. टिप्पणी नाही."

"आणि आधी होती ती? कोणाची होती?"

"बेचाळिसाव्या पानावर कुठली टिप्पणी असल्याचं मला आढळत नाही," एजंट नम्रपणे म्हणाला. "आणखी काही मदत हवी आहे का?"

"नको."

इंदूबाई जाग्या झाल्या होत्या. "काय म्हणतंय मशीन?"

"तुमची बोअर मिळेल. टिप्पणी पुसली."

त्यांना आनंद झाला असणार, पण त्यांनी तो दाखवला नाही. दोन्ही हात जमिनीला लावून त्या हळूच उठल्या आणि कठड्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"सगळी पुसली?"

"सगळी. आता त्याला विचारलं तरी माहीत नाही."

"मग तुम्ही सांगा. वर्षभर आमच्या पाण्यावर बसली होती. काय लिहिलं होतं ते मला कळू तर द्या."

सोपानने सांगितलं. पाठ होतं. परवानगी देऊ नये, हेही गाळलं नाही. दुसरी जागा बघावी, तिथले हाल मी पाहिलेत, तेही सांगितलं. शेवटी म्हणाला, "आणि लिहिलं होतं, पुढच्या मोजणीला मी स्वतः जाऊन पाहीन."

इंदूबाई कठड्यावरून पाण्याकडे वाकल्या. "आल्या असत्या?"

"आली असती. लिहिलं की करायची."

"मग त्यांना दिसलं असतं की हे."

"पहिल्यांदा तिने खूण शोधली असती," सोपान म्हणाला. "ती दिसली नसती. मग खाली बसून गिलावा खरवडला असता. मग उठून माझ्याकडे बघितलं असतं."

"आन् मग?"

"मग आठ दिवस बोलली नसती."

इंदूबाईंना हसू फुटलं. पदर तोंडाला लावून त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. सोपानला हसू आलं नाही. पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच शैलजा त्याच्या डोळ्यांपुढे खाटेवर नव्हती. ती उभी होती, कमरेवर हात ठेवून, भयंकर रागावलेली.

फोन वाजला. वरून ऋजुता मोकाशीचा होता. तिच्या आवाजामागे पंपाची घरघर आणि बायकांचा कलकलाट ऐकू येत होता. कुणी तरी ओरडत होतं, ए, माझा नंबर आधी.

"काका, झालं ना आपलं? पंप बंद करायला सांगू?"

सोपानने इंदूबाईंकडे पाहिलं.

"किती हंडे राहिलेत भरायचे?" त्याने फोनवर विचारलं.

"खूप आहेत हो. रांग पार देवळापर्यंत गेलीय."

"मग राहू द्या चालू," सोपान म्हणाला. "मी अजून एक माप घेतो."